पाहुण्यांसाठी सूचना

आमच्या ओटीवर, दाराच्या उजव्या अंगाला एक पाटी टांगलेली आहे. अक्षर बायकोचं, रंग होडीला लावून उरलेला निळा. वर ‘पाहुण्यांसाठी सूचना’ असं लिहून तिने खाली दोन रेघा ओढल्या आहेत. त्यातली दुसरी भरतीच्या पाण्यासारखी शेवटी जरा वर चढली आहे. सूचना एकूण सात. समुद्रात उतरण्याआधी घरात विचारावे. मासळी हवी असल्यास सकाळी नऊच्या आत सांगावे. ओले कपडे झोपाळ्यावर टाकू नयेत. माडाखाली गाडी उभी करू नये, ही चौथी; तिच्यामागे एक पांढरीशुभ्र गाडी आणि एक सुका नारळ यांचा इतिहास आहे आणि तो पाहुण्यांना जेवताना सविस्तर ऐकवला जातो. मालवणहून तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं हे कौलारू घर. चार खोल्या पाहुण्यांना, दोन आम्हाला आणि माळा उंदरांना.

1997 साली आमचा सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा गावात सगळ्यांना गंमत वाटली होती. आमचा मागचा परडा बघायला पैसे देऊन कोण येणार? पण लोक आले. वाळूत बूट घालून चालणारे आले, माडाला ‘नारळाचं झाड’ म्हणणारे आले, बांगड्याला ‘ही सुरमईच ना?’ असं विचारणारे आले. आम्ही उत्तरं दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन हसलो. वाईट बुद्धीने नव्हे. पण पर्यटकाला हसणं हा आमच्या किनाऱ्यावरचा बिनभांडवली जोडधंदा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. चौदा वर्षं तो आम्ही जपला, वाढवला. त्याचा हिशेब कधीतरी कुठेतरी चुकता करावा लागेल, हे तेव्हा सुचलं नाही.

जून लागला की आमचा गाव अंग चोरून बसतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद, किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या, पाहुणे नाहीत, चुलीवर दोघांपुरतं. अशाच दिवसांत आम्हाला परदेशी पाठवायचं पुण्याच्या लेकीने ठरवलं. कुठे, ते मात्र बायकोने ठरवलं. तिने पोर्तुगाल म्हटल्यावर मी कारण विचारलं, तर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “साडेचारशे वर्सां ते हयसर येवन ऱवले. आपण धा दिवस जाव्या.” गोव्याची हद्द आमच्यापासून दोन तासांवर. 1510 ते 1961 एवढा काळ शेजारी मुक्काम ठोकून बसलेल्या पाहुण्यांकडे उलट भेट द्यायला जायचं, यात तिला काहीच वावगं दिसत नव्हतं.

मग कागद सुरू झाले. व्हिसासाठी माणशी नव्वद युरो, 35 बाय 45 मिलिमीटरचा न हसणारा फोटो, किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा, प्रत्येक रात्र कुठे काढणार याचा पुरावा आणि सर्वांत अवघड म्हणजे आम्ही परत येणार याचा पुरावा. परत येण्याची आमची कारणं म्हणजे एकवीस माड, एक म्हैस आणि ती पाटी. यांचा दाखला तलाठी कोणत्या नमुन्यात देतो, ते आम्हाला माहीत नव्हतं. वास्को द गामा 8 जुलै 1497 ला लिस्बनहून निघाला, तेव्हा त्याच्याकडे कोणी परतीचं तिकीट मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर आमच्या बाजूचा बराच इतिहास वाचला असता. एक मात्र सांगून ठेवतो. अर्ज करणार असाल तर निदान दोन महिने आधी करा आणि बँकेतल्या पैशांचा ओघ नैसर्गिक दिसू द्या. आदल्या आठवड्यात मेहुण्याकडून एकदम आणून टाकलेली रक्कम बाजारात रंगवलेल्या मिरचीसारखी लांबून कळते.

सामान भरणं हा बायकोचा प्रांत. मसाला, आमसुलं, कुळथाचं पीठ, सुके बांगडे. युरोपात बाहेरून येणाऱ्याला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, मासे मात्र वीस किलोपर्यंत चालतात, असा नियम लेकीने वाचून दाखवला तेव्हा आमच्या हिला युरोपबद्दल पहिल्यांदा मनापासून आदर वाटला. पेढे घरी राहिले, बांगडे निघाले. पण घात झाला तो वेगळीकडेच. विमानतळावर आमची मोठी बॅग बाजूला काढली गेली आणि एका तरुण, सभ्य अधिकाऱ्याने तिच्यातून दोन खोबऱ्याच्या वाट्या अशा अलगद बाहेर काढल्या, जणू त्यांना वात लावलेली आहे. सुकं खोबरं विमानाच्या सामानात चालत नाही. त्यात तेल असतं, साठ्यात ते आपोआप तापतं, पेट घेऊ शकतं. जगभरच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांकच आहे, 1363. बायको त्या वाट्यांकडे बघत राहिली. घरातलं गरीब पोर पोलिसांच्या दप्तरी निघावं तसं झालं होतं. “पन्नास वर्सां आमच्या माळ्यार खोबरा आसा,” ती त्याला म्हणाली, “एकदा तरी पेटला?” त्याने अदबीने मान हलवली आणि वाट्या ठेवून घेतल्या. तर वाचकहो, खोबरं नेऊ नका. बॅटरीची पेटी मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातच ठेवा. गोळ्या चिठ्ठीसकट जवळ बाळगा. आणि दोघांचे पासपोर्ट एकाकडे द्यायचे असतील तर ज्याला कमी राग येतो त्याच्याकडे द्या. आमच्यात ती व्यक्ती कोण, यावर विमान बदलताना दोहाच्या बाकावर आम्ही तीन तास बोललो.

लिस्बनमध्ये आमची खोली होती आल्फामा भागात. 1755 च्या भूकंपाने बाकीचं शहर लोळवलं, पण हा टेकडीवरचा जुना मोहल्ला बराचसा तसाच राहिला. म्हणून त्याच्या गल्ल्यांना अजून कोणी शिस्त लावलेली नाही. दोन भिंतींमधून वर चढणाऱ्या, मध्येच पायऱ्या होणाऱ्या, एखाद्या आजीच्या दारात जाऊन संपणाऱ्या. मला पहिल्याच वळणावर आमच्या धुरीवाड्यातल्या पाणंदी आठवल्या. फोनमधला नकाशा इथे गोंधळतो आणि नवरा-बायकोची खरी परीक्षा इथेच होते, कारण नकाशा एकाच्या हातात असतो आणि अक्कल दुसऱ्याच्या. शेवटी आम्ही मालवणी पद्धत वापरली: उताराने जात राहायचं, पाणी लागतंच. दर वेळी तेजू नदी लागली. फरसबंदीचे ते छोटे पांढरे दगड मात्र शतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाले आहेत. चपला घालाल तर विहिरीच्या शेवाळी काठावर चालल्यासारखं होईल. रबरी तळाचे बूट न्या. जो मी आयुष्यभर वाळूत बूट घालणाऱ्यांना हसलो, तो मी तिथे दहा दिवस बुटांत राहिलो.

खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरमालकीण पंचाहत्तरीची, काळ्या झग्यातली, पायऱ्या चढताना आमच्या पुढे. तिने खिशातून एक जुनी वजनदार किल्ली काढली, बायकोच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “शाव.” बायकोने किल्लीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि म्हणाली, “चावी?” म्हातारी म्हणाली, “शाव, शाव.” ही म्हणाली, “चावी, चावी.” दोघी एकमेकींचा हात धरून हसायला लागल्या. पुढची दहा मिनिटं त्या दोन बायकांनी स्वयंपाकघरातून फिरून आपापली इस्टेट वाटून घेतली. साबण तिथेही जवळजवळ साबणच निघाला, बटाटा बताता निघाला, पाव थोडा नाकातून आला, अननस तर लुगडंही न बदलता तसाच उभा होता. साडेचारशे वर्षांच्या मुक्कामात पाहुणे आपल्या वस्तू विसरून गेले होते आणि आम्ही त्या इतक्या वापरल्या की परत करायचं लक्षातच राहिलं नाही. मी कोपऱ्यात उभा राहून आठवत होतो की रोज संध्याकाळी मालवणच्या बंदरावर टोपल्यांभोवती घोळका करून आमच्या बायका ज्या त्वेषाने लिलाव करतात, तो लिलाव हा शब्दही याच बाईच्या पणजीचा.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता. पाहुण्यांसाठी सूचना. इंग्रजीत, नऊ. आम्ही तो धंद्यातल्या माणसांच्या नजरेने वाचला. आमच्यापेक्षा दोन जास्त, पण अक्षर छापील, म्हणजे जीव ओतलेला नाही, असा निकाल बायकोने दिला. रात्री दहानंतर जोरात बोलू नये. कचरा वेगळा करावा. खिडकीत कपडे वाळत घालताना खालच्या लोकांचा विचार करावा. शेवटची सूचना वाचून तिने पसंतीची मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आपली धुतलेली हिरवी पाचवारी खिडकीतून सोडली. जूनचं ऊन, नदीवरचा वारा. साडी तिसऱ्या मजल्यावरून निघाली ती दुसऱ्या मजल्याची खिडकी पार करून पहिल्याच्या मथळ्यापर्यंत पोचली. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थाने सकाळी दार उघडावं तशी खिडकी उघडली असणार आणि त्याला लिस्बनऐवजी काठापदराचा हिरवा उजेड दिसला असणार. थोड्या वेळाने म्हातारी वर आली. ती काही बोलली नाही. तिने कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, मग साडीचा काठ चिमटीत धरून बराच वेळ पाहिला. झोपाळ्यावर ओला टॉवेल टाकणाऱ्या पाहुण्याच्या चेहऱ्यावरचा भाव मी चौदा वर्षांत अनेकदा पाहिला होता. तो घरच्या माणसाच्या चेहऱ्यावर कसा दिसतो ते त्या दिवशी पाहिलं.

माझी पाळी काशकाइशच्या किनाऱ्यावर आली. लिस्बनहून तिथे नदीच्या काठाकाठाने लोकल जाते. मी पँट दुमडून, जरा छाती काढून, जन्मभर समुद्राशी बोलाचाली असलेल्या माणसाच्या ऐटीत पाण्यात उतरलो. अटलांटिक एवढा थंड असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जूनमध्येसुद्धा घोट्यात बर्फाची बेडी पडते. तरी माघार कशी घ्यायची, म्हणून आणखी चार पावलं गेलो आणि मागून शिट्टी आली. किनाऱ्यावर पिवळा बावटा होता. म्हणजे उभं राहायला हरकत नाही, पोहायचं नाही. माझा चेहरा पोहणाऱ्याचा दिसला असावा. विशीतला एक जीवरक्षक मला हाताने मागे बोलवत होता, अगदी मी आमच्या पाहुण्यांना बोलावतो तसा. वाळूवर बसून बायको पाटीची पहिली ओळ मोठ्याने म्हणत होती.

जेवणाच्या धड्याला मात्र पैसे पडले. एका छोट्या खानावळीत आम्ही बसलो, तर न मागता पावाची टोपली आली, ऑलिव्ह आले, चीजची एक चकती आली. आमच्याकडे पाहुणा बसला की आधी सोलकढी येते, त्यातलंच हे समजून आम्ही आवडीने खाल्लं, बायकोने तर वाढणाऱ्या पोराला हाताने ‘छान’ अशी खूणही केली. बिलात प्रत्येक पदार्थ आपापल्या किमतीसकट हजर. तिथली रीतच तशी. आधी ठेवलेलं खाल्लं तर पैसे, हात लावला नाही तर नाही. नको असेल तर सरळ परत पाठवायचं, कोणाला राग येत नाही. “न इचारता हाडून ठेवल्यानी, आणि आता पैशे?” बायको कुजबुजली. तिने युरोला शंभरने गुणलं, मग पावाच्या तुकड्यांच्या संख्येने भागलं. हे गणित पहिले दोन दिवस करावं, मग सोडून द्यावं, नाहीतर घास उतरत नाही. कार्ड देताना यंत्र ‘रुपयांत की युरोत?’ असं प्रेमाने विचारतं, तेव्हा युरोत म्हणावं. रुपयांतलं प्रेम महाग पडतं. पाणी नळाचं चालतं. अठ्ठावीस नंबरच्या लाकडी ट्राममध्ये खिशावर हात ठेवावा. एवढं सांगितलं की माझ्याकडची व्यावहारिक शिदोरी संपली, कारण जे खरं मिळालं ते कशात बसत नाही.

ते मिळालं 12 जूनला. आमची तारीख योगायोगाने साधली होती. संत आंतोनियो हा लिस्बनचा लाडका, तिथेच जन्मलेला, लग्नं जुळवणारा. त्याच्या सणाच्या आदल्या दिवशी महापालिकेतर्फे काही जोडप्यांची लग्नं लागतात. 1958 पासूनची ही प्रथा, मध्ये काही वर्षं खंड पडून पुन्हा सुरू झालेली. जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांखाली गर्दीत आम्हीही उभे राहिलो. नवऱ्या बाहेर आल्या, एकामागून एक, पांढरे झगे दोन्ही हातांनी उचलून, खाडीत उतरणाऱ्या बगळ्यांसारख्या जपून पाय टाकत. त्या दगडांवरून त्यांनाही घसरायची भीती होती. बायको प्रत्येकीला निरखत होती. मला एकदम आमचं लग्न आठवलं. मे महिना, घामाने फुटलेला मळवट आणि त्यानंतरची आमची सहल, कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन आणि तीन रात्री हिच्या मावशीच्या दोन खोल्यांत. एका खोलीत मावशी, हिची आजी आणि ही. दुसऱ्या खोलीत काका, त्यांचे दोन मुलगे आणि मी. तिसऱ्या दिवशी रंकाळ्यावर आम्ही अर्धा तास एकटे बसलो होतो, तोही मावशीने चणे आणायला पाठवलं म्हणून. चणे कोणी खाल्ले, ते आठवत नाही.

संध्याकाळ तिथे संपत नाही. नऊ वाजता सूर्य मावळतो आणि तोवर आल्फामातल्या प्रत्येक पाणंदीत निखारे फुललेले असतात, वर कागदी पताका, खाली धूर आणि त्या धुरात तारली. जाळीवर आख्ख्या भाजलेल्या, जाड्या मिठाच्या, पावाच्या तुकड्यावर ठेवून हातात दिलेल्या. आमच्याकडे तारली उदंड आली की माडांच्या आळ्यात खत म्हणून जाते. इथे तिच्यासाठी रांग होती आणि एकेकीला दोन-तीन युरो मोजत होते. बायकोने पहिली खाल्ली आणि गप्प झाली. दहा दिवसांत तिने मला तिखट आणलंय का, असं न विचारता खाल्लेला तो एकमेव पदार्थ.

कोपऱ्यावर एक बाई छोट्या कुंड्या विकत होती. गोल, दाट, बारीक पानांचं हिरवं रोप, आमच्या सब्जाचा नि तुळशीचा भाऊबंद. त्यात खोचलेलं कागदी फूल आणि चिमुकल्या निशाणावर चार ओळींची कविता. तिथे ते प्रियेला द्यायचं असतं. बायको वास घ्यायला वाकली, तशी त्या बाईने तिला हलकेच थांबवलं. तिचा हात घेतला, पानांवरून फिरवला आणि तोच तळहात तिच्या नाकाशी नेला. थेट नाक लावलं तर रोप कोमेजतं, असं तिथले लोक मानतात. मला ते कुणीतरी इंग्रजीत समजावत होतं, पण बायकोला समजवायची गरज नव्हती. देवाला वाहायचं फूल हुंगायचं नाही, हे तिला तिच्या आजीने परड्यातच शिकवलं होतं. तिने हात तसाच मिटून घेतला, थोडा वेळ कोणालाच दाखवला नाही, मग माझ्या नाकाशी आणून उघडला. त्यात तारलीचा वास होता, मिठाचा, निखाऱ्याचा आणि सगळ्यांच्या खालून आमच्या वृंदावनाचा. मी ती कुंडी विकत घेतली. कवितेचा अर्थ मी दुसऱ्या दिवशी म्हातारीला विचारणार होतो, पण तिने विचारण्याआधीच निशाण वाचलं, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि काहीच सांगितलं नाही. कुंडी निघताना तिच्याच खिडकीत ठेवली. हिरवी साडीही.

मोपा विमानतळाबाहेर आलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि म्हैस शेजाऱ्याला दूध देईनाशी झाल्याचा फोन आला होता. गणपती झाले, होड्या सुटल्या, किल्ल्याकडे जाणारी माणसं दिसू लागली. पहिले पाहुणे पुण्याचे, नवीन लग्न झालेले. पानावर बसले तशी बायकोने सोलकढीच्या दोन वाट्या ठेवल्या. मुलीने वाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि हात मागे घेतला. बायको दारात थबकली. आत येऊन तिने फडताळातून निळ्या रंगाचा डबा काढला. झाकण वाळून घट्ट बसलं होतं, ते मी उघडून दिलं.

पाटीवर आता आठ सूचना आहेत. आठवी अशी: सोलकढीचे पैसे नाहीत, हवी तितकी मागून घ्यावी.